दुसऱ्या पसंतीचं गाव

बार्शीहून पुण्याला जाणं हा काही प्रवासवर्णनाचा विषय नव्हे. आमच्याकडची माणसं पुण्याला दवाखान्यासाठी जातात, लेकीच्या बाळंतपणाला जातात, मुलाला क्लासला घालायला जातात, आणि परत आल्यावर रिक्षावाला किती बोलला तेवढं सांगतात. मी मात्र सहा दिवस मतं बघायला गेले होते. आमच्या वाचनालयाच्या सभासदांना मी तोंडी अहवाल दिलाच आहे. त्यात जे सांगायचं राहिलं ते इथे लिहिते.

कारण असं झालं. वाचनालयाच्या अध्यक्षपदासाठी तिघं उभे राहिले. मतं तीन जागी फुटली आणि तिसऱ्या हिश्श्याहून जरा जास्त मतं मिळालेले गृहस्थ निवडून आले. नियमाने ते बरोबरच होतं. पण उरलेल्या दोन हिश्श्यांतल्या बऱ्याच जणांनी वर्गणी बंद केली. संध्याकाळी वर्तमानपत्रांच्या टेबलाशी दोन वेगळी कोंडाळी बसायला लागली, आणि मी कार्यवाह असल्यामुळे दोन्हीकडून बोलणी खायची पाळी माझ्यावर आली. त्यात कुठेतरी वाचलं की, संस्था किंवा वस्त्या पसंतीक्रमाने मतदान करायला तयार असतील, तर शिकवणं, छपाई, पेट्या आणि पहिली मोजणी यांसाठी सरकारी अनुदान मिळतं. पदवीधर मतदारसंघात एक, दोन, तीन आकडे घालून मत देतात, तसंच. मी पत्र लिहिलं. पुण्याहून उलटटपाली उत्तर आलं: अर्ज करण्याआधी एकदा येऊन बघा.

शुक्रवार, सदाशिव पेठ

उतरले ती मावसबहीण नलूकडे. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, खाली एक दंतवैद्य, वर दोन खोल्यांत स्पर्धा परीक्षेची सहा मुलं. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर एक सूचना लावलेली: चपला इथे काढू नयेत, बेल एकदाच वाजवावी, चौकशी दुसऱ्या मजल्यावर करू नये.

नलूचे यजमान वसंतराव बँकेतून निवृत्त झालेत. जेवताना त्यांनी विचारलं, "काय काम काढलंत?"

"मतदान बघायला आलेय. लोक पसंतीक्रमाने मतं देतात म्हणे."

"मतं बघायला पुण्यात?" त्यांनी वरणाची वाटी पुढे सरकवली. "मतं आमच्याकडे मुबलक आहेत. मतदानाचा तेवढा तुटवडा."

वरण गोड होतं. बार्शीत आम्ही आमटीत शेंगदाण्याचं कूट आणि काळं तिखट घालतो. नलूच्या वरणात गूळ असतो. तिच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली तरी मी दरवेळी पहिल्या घासाला दचकते.

शनिवार, खडकवासल्याच्या वाटेवर

योजनेच्या अधिकारी वंदना साळवे मला स्वारगेटला घ्यायला आल्या. पन्नाशीच्या, सरळ चालीच्या, बोलताना शब्द मोजून खर्च करणाऱ्या बाई. त्यांच्या गाडीतून आम्ही ज्या गावी गेलो ते आता गाव नाही. पुणे शहरात येऊन त्याला काही वर्षं झाली. अर्ध्या भागात गोठे आणि कौलं, अर्ध्या भागात अकरा मजली इमारती, आणि मधून जाणाऱ्या रस्त्यावर ऊस नेणारा ट्रॅक्टर आणि कंपनीची बस एकमेकांना वाट देत उभी. धरण हाकेच्या अंतरावर. तिथलं पाणी शहरभर जातं, पण या गावाची नवी जोडणी व्हायची आहे. तोवर गावाच्या जुन्या विहिरीवरची नळयोजना रहिवाशांची पाणी समिती चालवते. त्या समितीच्या अध्यक्षाची निवडणूक रविवारी होती. घरटी एक मत.

चार उमेदवार होते. तानाजीराव हे जुने जमीनदार. आजवर समिती त्यांच्याकडेच होती. नेर्लेकर हे निवृत्त इंजिनिअर, नव्या इमारतीतले. रोहित हा आयटीतला तरुण, तोही तिथलाच. आणि सुमन, खालच्या आळीतली, पिठाच्या गिरणीची मालकीण. खालच्या आळीला चार दिवसांनी एकदा पाणी यायचं, तेही वरच्यांचं भरून झाल्यावर. सुमन उभी राहिली होती ती तेवढ्यासाठीच.

देवळाच्या मंडपात साळवेबाईंनी माणसं बसवली आणि शिकवायला सुरुवात केली. फळा नाही, तक्ता नाही.

"तुम्ही घरच्याला भाजी आणायला पाठवता. काय सांगता? मेथी आण. मेथी संपली असेल तर पालक. पालक नसेल तर वांगी. हे तसंच. तुमची मेथी संपली, तर तुमचं मत फुकट जात नाही. ते पालकाला जातं. निम्म्याहून जास्त मतं कुणा एकाची होईपर्यंत दरवेळी सगळ्यात मागचा बाहेर जाणार आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला जाणार."

मागे बसलेले एक म्हातारे शेतकरी, त्यांना सगळे ज्ञानबातात्या म्हणत, त्यांनी हात वर केला. "आन् मेथी न्हाई तर रिकाम्या हातानं ये, आसं म्हणायचं आसंल तर?"

"चालतं. एकच आकडा घाला आणि कागद टाकून द्या."

"मग बरं हाय," तात्या म्हणाले. "वांगी मला चालत न्हाईत."

मंडपात हशा पिकला आणि वांगी म्हणजे कोण हे ताडून सगळे तानाजीरावांकडे बघायला लागले. तानाजीरावही हसले. उंच, पांढऱ्या मिशांचे, अंगावर इस्त्रीचा सदरा. मला वाटलं, हा माणूस हरायची सवय नसलेला आहे.

जाताना साळवेबाईंनी मला एक गोष्ट विचारली. मोजणारी माणसं बाहेरची हवीत अशी अनुदानाची अट होती आणि त्यांचा एक माणूस आजारी पडला होता. "आपण वाचनालयाची मोजणी केली आहे ना? उद्या बसाल?"

मला बरं वाटलं, हे कबूल करते. मी लगेच हो म्हटलं.

रविवार, गावची शाळा

सकाळी नऊ ते एक मतदान झालं. इमारतीतली माणसं चालायला जायच्या कपड्यांत आली, गावातली धुतलेल्या कपड्यांत. सुमन मत देऊन गेली आणि गिरणी उघडली, कारण रविवारी दळणं जास्त असतात.

दोन वाजता मोजणीला बसलो आणि पर्स उघडल्यावर कळलं की वाचायचा चष्मा नलूकडे राहिला. माझ्या डोळ्यांवर होता तो लांबचा. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण समोर उमेदवार बसलेले, साळवेबाईंनी "बार्शीच्या अनुभवी कार्यवाह" अशी ओळख करून दिलेली. कागद जरा लांब धरला की दिसत होतं. मी काही बोलले नाही.

माझं काम पहिल्या पसंतीप्रमाणे कागदांचे गठ्ठे लावायचं होतं. छापलेली नावं अक्षरक्रमाने एकाखाली एक: तानाजीराव, नेर्लेकर, रोहित, सुमन. कुणी एकचा आकडा ठसठशीत घातलेला, कुणी माशी बसल्यासारखा. मी लावलेले गठ्ठे दुसरे एक गृहस्थ तपासत होते, पण माझ्या वयाकडे बघून ते नुसते चाळून पुढे देत होते.

एकूण एकशे शहाऐंशी मतं. जिंकायला चौऱ्याण्णव हवीत. पहिल्या फेरीत तानाजीराव शहात्तर, नेर्लेकर बेचाळीस, रोहित पस्तीस, सुमन तेहतीस. सुमन सगळ्यात मागे, म्हणून ती बाहेर. तिचे तेहतीस कागद उघडून दुसरी पसंती बघितली. त्यातली एकोणीस तानाजीरावांना गेली. त्यांची पंचाण्णव झाली आणि तिथेच निकाल लागला.

हार आला, पेढे आले. सुमनला कुणीतरी गिरणीत जाऊन सांगितलं. ती आली, तानाजीरावांना नमस्कार केला. हातांवर पीठ होतं म्हणून तिने हात लांबच ठेवले. मग परत गेली.

मला वाटलं, पद्धत छान आहे. भांडण नाही, शंका नाही. परतताना रस्त्यात मी आमच्या अर्जातली वाक्यं मनात जुळवत होते.

सोमवार, येरवडा

अनुदानाची दुसरी अट अशी की प्रत्येक मतपत्रिकेचा फोटो काढून योजनेच्या संकेतस्थळावर तीन दिवस सर्वांना बघायला ठेवायचा. तोवर निकाल पक्का नाही. ते काम साळवेबाई घरूनच करणार होत्या. "जेलच्या स्टॉपला उतरा, तिथून कुणालाही विचारा," असं त्यांनी सांगितलं होतं. मी विचारलं आणि तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेगवेगळ्या दिशा दाखवल्या, तरी पोचले.

दोन खोल्यांचं नीटनेटकं घर. बुद्धाची मूर्ती आणि भिंतभर पुस्तकं. बाईंनी आधी जेवायला बसवलं: बाजरीची भाकरी, सुकटीची चटणी, कच्चा कांदा. "चालतं ना?" त्यांनी विचारलं. चटणीला बार्शीइतकं तिखट होतं. पुण्यात आल्यापासून पहिल्यांदा माझ्या जिभेला घरी आल्यासारखं वाटलं.

मग त्या चहा टाकायला आत गेल्या आणि मी फोटोसाठी कागद सरळ करायला घेतले. आता वाचायचा चष्मा होता. रोहितच्या गठ्ठ्यात मधोमध दोन कागद असे निघाले, ज्यांच्यावर एकचा आकडा रोहितपुढे नव्हता. खालच्या ओळीत होता. सुमनपुढे.

मी ते दोनदा बघितले. मग बोटांवर हिशेब केला. रोहित तेहतीस, सुमन पस्तीस. म्हणजे पहिल्या फेरीत बाहेर जायला हवा होता रोहित.

मनात पहिल्यांदा काय आलं तेही लिहिते. एकशे शहाऐंशी फोटो कोण तपासत बसणार आहे, असं आलं. पेढे वाटून झाले आहेत, असं आलं. आतून साखरेच्या डब्याचा आवाज येत होता. मी ते दोन कागद वेगळे धरून बसले होते आणि आमच्या वाचनालयातल्या त्या दोन कोंडाळ्यांना मी गेल्या महिन्यात काय सुनावलं होतं ते मला आठवत होतं. मोजणी मी केली आहे, तिच्यावर शंका घ्यायची नाही, असं सुनावलं होतं.

बाई चहा घेऊन आल्या. मी म्हटलं, "माझी चूक झाली आहे. काल वाचायचा चष्मा नव्हता आणि मी सांगितलं नाही." आणि कागद पुढे केले.

त्यांनी कप खाली ठेवले. कागद बघितले. पुन्हा खालीवर करून बघितले.

"चहा निवेल," शेवटी म्हणाल्या. "प्या, आणि पुन्हा मोजू. चष्मा लावूनच ठेवा."

आम्ही दोनदा मोजलं. रोहित बाहेर गेल्यावर त्याची वीस मतं सुमनला गेली, नऊ नेर्लेकरांना, चार तानाजीरावांना. मग नेर्लेकर मागे पडले. त्यांच्या एक्कावन्न मतांपैकी त्रेचाळीस सुमनकडे. इमारतीतल्या माणसांचा पहिला आकडा आपल्या माणसाला होता, पण दुसरा बहुतेकांनी गिरणीवालीला दिला होता. सुमन अठ्ठ्याण्णव, तानाजीराव अठ्ठ्याऐंशी.

"फोन करायचा का त्यांना?" मी विचारलं.

"फोनवर सांगायची गोष्ट आहे का ही?"

ऊन उतरायच्या आत आम्ही गावात पोचलो. तानाजीरावांच्या ओसरीवर पेढ्यांचा पुडा अजून उघडाच होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"म्हंजी मी पडलो," ते म्हणाले.

"हो," साळवेबाई म्हणाल्या.

"ह्यांच्या चष्म्यानं."

"नाही. चष्म्याने काल निवडून आला होतात. पडलात मतांनी."

त्यांच्या पत्नी दारात उभ्या होत्या. "गावभर पेढं वाटलं की ओ," त्या हळूच म्हणाल्या.

"खाल्लं लोकांनी. आता काय माघारी मागायचं?" तानाजीरावांनी मिशीवरून हात फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी हे मानीन. पर बंद खोलीतलं न्हाई. उद्या मंडपात, समद्यांसमोर, एकेक कागद वर धरून. आन् ह्या बाईंनी तिथं सांगायचं, मला सांगितलं तसं."

मंगळवार, देवळाचा मंडप

मी सांगितलं. याहून जास्त त्याबद्दल लिहिण्यासारखं नाही. मंडपातला पंखा फार आवाज करत होता.

नेर्लेकर म्हणाले, "म्हणून मी म्हणत होतो, कॉम्प्युटरवर घ्या." रोहितने मान हलवली, त्या दोघांचं इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एकमत झालं असं कुणीतरी कुजबुजलं. ज्ञानबातात्या मला म्हणाले, "बाई, चष्मा न्हवता तर बोलायचं की. आमी कुनी बी दिला आसता." खरोखरच तिथे दहा-बारा चष्मे होते.

एकेक कागद वर धरून, आकडे मोठ्याने वाचून मोजणी झाली. दोन तास लागले. निकाल तोच: सुमन अठ्ठ्याण्णव. खालच्या आळीतल्या बायका एकदम उठून उभ्या राहिल्या आणि मग काय करायचं ते न सुचून तशाच उभ्या राहिल्या. सुमन म्हणाली, "परवा पडले तवा बी दळण चालू हुतं. आज बी हाय. पन पाण्याचं आता बघू."

मग दुसरा विषय निघाला. पुढच्या निवडणुकीसाठीही अनुदान हवं असेल तर रहिवाशांनी तसा ठराव करायचा होता. या गोंधळानंतर ठराव होणार नाही, हे साळवेबाईंनी गृहीत धरलं असावं. त्यांनी कागद पिशवीतून काढलाच नव्हता. तानाजीराव बोलायला उठले तेव्हा माझीही तीच खात्री झाली. साध्या मतदानात शहात्तर मतांनी ते आरामात निवडून आले असते, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं.

"पैसं घ्या," ते म्हणाले. "पेट्या घ्या, कागद घ्या, शिकवायला ह्या बाईंना बोलवा. पर मोजनारा मानूस भायेरचा नको. आपलं आपुन मोजू. चौघांची चार मानसं बसवू, म्हंजी कुनाला झापड बी येनार न्हाई."

"बाहेरच्या माणसांची अट आहे," साळवेबाई म्हणाल्या. "ती मोडलीत तर मोजणीचा वाटा मिळणार नाही."

"तेवढा नको."

हात वर झाले. साळवेबाईंनी पिशवीतून कागद काढला आणि ठराव लिहून घेतला. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "वर कसं कळवायचं हे, सांगा. योजना इतकी छान समजली की लोकांनी आम्हालाच वगळलं."

बुधवार, परतीची वाट

साळवेबाईंचं शाळेत थोडं काम उरलं होतं म्हणून मीही पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर पुन्हा गावात आले. तानाजीराव मार्केट यार्डात निघाले होते. त्यांनी आदल्या दिवशीच निरोप दिला होता की सकाळी साळवेबाईंचं शाळेतलं काम उरकलं की मला स्वारगेटला सोडतील. नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. धरणाच्या कडेला त्यांनी गाडी थांबवली, दोन पेरू घेतले, चिरून तिखटमीठ लावून आणले. पाणी संथ होतं. पलीकडे कुठेतरी लष्करी अकादमीतल्या मुलांच्या कवायतीच्या आरोळ्या चालल्या होत्या.

त्यांनी मोबाइल काढला. मतपत्रिकांचे सगळे फोटो त्यांचे बघून झाले होते. मला वाटलं होतं की ते कुणी बघणार नाही.

"ही नव्या बिल्डिंगीतली," ते एकेक फोटो सरकवत म्हणाले. "ह्यास्नी जमीन मी दिली. रस्ता मी दिला. पहिला नंबर दिला न्हाई ते ठीक हाय, त्यांचा मानूस उभा हुता. पर चौथा? इतक्या जनांनी चौथा?"

त्यांनी पुढचे फोटो सरकवले.

"आन् ही सुमनची. पस्तीस. ह्यातल्या एकवीस जनांनी दुसरा नंबर मला दिलाय. खालची आळी. माझ्यामुळं पानी येत न्हाई म्हनतात, आन् दुसरा नंबर मला." त्यांनी पेरूची फोड तशीच हातात धरली होती. "हे काय गणित हाय, बाई? तुमी शिकल्याल्या. सांगा."

शेजार जुना असेल, एवढं मी म्हटलं.

फोड तोंडात टाकून ते म्हणाले, "खालच्या आळीचा व्हॉल्व माझ्या शेतात हाय. चावी माझ्या घरी खुंटीला."

"मग आता सुमनताईंना द्याल?"

"अध्यक्ष हाय ती. मागायला येईल."

स्वारगेटला त्यांनी माझी पिशवी गाडीतून उतरवून दिली.

बार्शीला परतल्यावर आठवड्याने साळवेबाईंचा फोन आला. आमच्या अर्जात काय काय जोडायचं ते त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, सुमन चावी मागायला गेली होती. तानाजीरावांनी तिला ओसरीवर बसवलं, चहा पाजला, चावी खुंटीवरून काढून हातात दिली आणि तेव्हा विचारलं, "तू कितवा नंबर दिला हुतास मला?"

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

"दुसरा, म्हणाली."

"खरंच दिला होता?"

"मतपत्रिकेवर नाव नसतं, शैलजाताई," साळवेबाई म्हणाल्या. "पाणी आता एक दिवसाआड येतं."